मराठीच्या शिक्षकाला मोफत साधनं कोणती? आधी मजकूर, मग ॲप

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही सुटायला नको. पिंपरीतल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तुम्ही पाचवी ते आठवीला मराठी शिकवता. वर्गातली निम्मी मुलं घरी हिंदी, तमिळ, मल्याळम बोलणारी. शिवाय शनिवारी संध्याकाळी अमेरिकेतल्या सात मुलांचा वर्ग ऑनलाइन घेता. शाळेत प्रोजेक्टर आहे, इंटरनेट बेभरवशाचं, खर्चाला तरतूद शून्य. पंधरा वर्षांच्या नोट्स जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडल्यात. अशा परिस्थितीत भाषा शिकवायला कोणती मोफत सॉफ्टवेअर आणि संकेतस्थळं घ्यावीत, आणि अमेरिकेतली मुलं मराठी रोमन लिपीतच लिहितात त्याचं काय करावं, असं तुम्ही विचारलंय.

महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, तेव्हापासून तुमच्यासारखे प्रश्न माझ्याकडे फार येतात. पुस्तकं मराठी घरातल्या मुलासाठी लिहिलेली आणि वर्गात बसलेलं मूल वेगळंच. म्हणून शिक्षक साधनं शोधायला लागतात आणि पहिली चूक तिथेच होते. माझीही झाली होती. मी गेली बावीस वर्षं मराठी परकी भाषा म्हणून शिकवते आहे. सुरुवातीच्या काळात एका परदेशी संकेतस्थळावर मी तीनशेच्या आसपास सराव-प्रश्न तयार केले. चित्रं, आवाज, सगळं तिथेच. मग एके दिवशी पत्र आलं, की मोफत खातं बंद होतंय, पुढे वर्गणी भरा. प्रश्न बाहेर काढून घ्यायची सोयच नव्हती. दोन दिवाळ्यांच्या सुट्ट्यांचं काम गेलं.

तेव्हापासून नवं साधन हातात घेताना मी आधी हे बघते, की उद्या ते बंद पडलं तर माझा मजकूर माझ्याकडे राहतो का. फुकट आणि मुक्त यांत फरक आहे तो इथे. फुकट म्हणजे आज पैसे घेत नाहीत. मुक्त म्हणजे ते सॉफ्टवेअर तुमच्या संगणकावर राहतं, कुणालाही वाटता येतं, त्याचा कोड खुला असतो, आणि तुमची फाइल दुसऱ्या कशातही उघडते. गुगलचा जॅमबोर्ड कितीतरी शिक्षक फळ्यासारखा वापरत होते. ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. फुकटची साधनं मी वापरतेच, पण मूळ मजकूर कधीही त्यांच्यात ठेवत नाही. मूळ मजकूर माझ्या संगणकावर साध्या फाइलींमध्ये, आणि त्याची एक प्रत पेन ड्राइव्हवर.

म्हणून सुरुवात जुन्या नोट्सपासून करा. त्या जुन्या फॉन्टमध्ये तुम्हाला पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं. फॉन्टने त्याला फक्त 'क'चा मुखवटा चढवलेला असतो. फॉन्ट गेला की मजकुराचा कचरा होतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मोफत मिळतात. मात्र प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा असतो, तेव्हा आधी फॉन्टचं नेमकं नाव शोधा. रूपांतर झाल्यावर तीन ठिकाणी नजर टाका: पहिली वेलांटी चुकीच्या अक्षराला गेलीय का, रफार एक घर पुढेमागे सरकलाय का, आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' टिकलेत का. नव्वद टक्के चुका माझ्या अनुभवात याच तीन जागी सापडतात.

ज्या नोट्सची फक्त छापील प्रत उरलीय, त्या ३०० डीपीआयवर स्कॅन करा आणि चित्रातली अक्षरं वाचून त्यांचा मजकूर करणाऱ्या टेसरॅक्ट नावाच्या मुक्त प्रणालीला द्या. तिच्यात मराठीची स्वतंत्र फाइल आहे. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची भीती वाटत असेल तर जीइमेजरीडर हे तिचं खिडकीवालं रूप वापरा. स्वच्छ छपाई असेल तर काम चांगलं होतं. सायक्लोस्टाइलच्या पानांवर मात्र वेळ घालवू नका, टाइप करणं लवकर होतं.

टायपिंगचं म्हणाल तर मी इनस्क्रिप्टची कट्टर समर्थक आहे. हा कळफलक १९८६ साली सरकारी पातळीवर प्रमाण ठरला आणि विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे आधीपासून असतो. काही उतरवून घ्यावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. अल्पप्राण साधी कळ दाबून, महाप्राण शिफ्टसह. म्हणजे वर्णमालेची मांडणीच बोटांत उतरते. रोज वीस मिनिटं दिलीत तर तीन आठवड्यांत हात बसतो. तेवढंही नको असेल तर विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठीचा ध्वनीनुसारी कळफलकही आलाय. फोनसाठी आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेला स्वरचक्र हा कळफलक मुलांना फार आवडतो. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती मात्रा लागलेली बाराखडी गोल फुलते. अमराठी मुलाला मात्रा म्हणजे काय हे समजावायला मी कितीदा नुसतं तेच पडद्यावर दाखवलंय.

आता दोन बारकावे, जे मला कोणीच सांगितले नव्हते आणि ज्यांच्यामुळे मुलांचे बरोबर गुण कापले गेले. 'ॲप'मधला 'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा 'अ' आणि वर चंद्र असे दोन तुकडे जोडून, 'अॅ'. डोळ्याला दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे. तसंच 'दऱ्या'मधला चंद्रकोरी र. तो 'ऱ' घेऊन पाय मोडून लिहिता येतो, किंवा साधा 'र' घेऊन मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे दाबलं की 'ऱ' येतो, मग हलन्त, मग 'य'. मुलाने एका पद्धतीने लिहिलं आणि तुमच्या उत्तरपत्रिकेत दुसरी असली की यंत्र 'चूक' म्हणून मोकळं होतं. आणि हे अक्षर टाळताही येत नाही, कारण 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. 'आचार्यांना बोलवा' आणि 'आचाऱ्यांना बोलवा' यांत पंगतीचा फरक पडतो.

लिहायला लिबरऑफिस घ्या. मोफत आहे, मुक्त आहे, त्याच्या मेनूसुद्धा मराठीत करता येतात. सेटिंगमध्ये जाऊन 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू करा आणि मजकुराची भाषा 'मराठी' ठेवा. हिंदी राहू देऊ नका. ही खूण केली की मराठीचा शुद्धलेखन-तपासक जोडता येतो, आणि ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत तिथे 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे होतात. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली वळणं आहेत, शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही ती दिलेली आहेत. पाटीवर एक वळण गिरवायचं आणि कागदावर दुसरं वाचायचं, यात लहान मुलाचा खरंच गोंधळ होतो. फॉन्टच्या भानगडीत पडायचं नसेल तर टिरो देवनागरी मराठी हा खास मराठीसाठी केलेला मोफत फॉन्ट वापरा. लिबरऑफिस येत नसेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल या प्रकल्पात त्याचे छोटे छोटे पाठ मराठी निवेदनासह आहेत. ते उतरवून घेऊन मी शाळांमधल्या शिक्षकांना दाखवते. इंग्रजी सूचनांना बिचकणारे आमचे वयस्क गुरुजीही त्यावरून शिकले.

शब्दकोशांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत आणि आपल्याला ते ठाऊक नाही. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आहे, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि तुमच्या कामाचा सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे मॅक्सीन बर्नसन यांचा पायाभूत मराठी-इंग्रजी कोश. बर्नसनबाई अमेरिकेतून आल्या आणि फलटणला स्थायिक होऊन त्यांनी शाळा उभी केली. मराठी बाहेरून शिकणाऱ्याला कुठे अडतं हे त्यांना स्वतःच्या अनुभवातून माहीत होतं, म्हणून त्या कोशात रोजच्या वापरातलेच शब्द निवडलेत. मोल्सवर्थ मुलांपुढे ठेवू नका, तो तुमच्यासाठी. एखाद्या शब्दाचा जुना अर्थ सापडला की तास कसा रंगतो, ते तुम्हीच अनुभवाल. शासनाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत, पण ते कचेरीच्या कामाचे.

वाचायला द्यायचं तर पहिलं नाव स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ. चित्रांच्या गोष्टी, वाचनाच्या चार पातळ्या, मराठीत भरपूर, आणि उतरवून घ्यायची सोय. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे परवाना. क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना आहे, की मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून तुम्ही गोष्ट बदलू शकता. याचा उपयोग कसा करायचा ते सांगते. पहिल्या पातळीची गोष्ट घ्या आणि तिच्या तीन प्रती करा. एक वर्तमानकाळात, एक भूतकाळात, आणि एक अशी जिच्यात मुलगा असेल तिथे मुलगी केलीय. 'राजू धावला, पडला, रडला' चं 'राणी धावली, पडली, रडली' होताना मूल क्रियापदाचं लिंग स्वतः शोधून काढतं. चित्रं तीच, त्यामुळे अर्थ सांगायला हिंदी-इंग्रजी लागत नाही. व्याकरणाच्या तक्त्याने मला जे कधी जमलं नाही ते या तीन प्रतींनी जमलं.

बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच. पण १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंकही त्यांनी ऑनलाइन ठेवलेत, ते फार थोडे शिक्षक उघडतात. सातवी-आठवीच्या मुलांसाठी कोडी, छोट्या कविता, शास्त्रज्ञांवरची टिपणं यांचा तिथे खजिना आहे. एक लक्षात ठेवा: इथे वाचायला मोफत आहे, पण बदलून वाटायला परवानगी आहे असं नाही. वर्गात वाचून दाखवा, दुवा द्या. पानं कापून स्वतःच्या नावाची पुस्तिका काढू नका. मराठी विश्वकोशाचे खंडही नेटवर आहेत, पण त्याची भाषा तुमच्या मुलांना झेपणार नाही. विकिस्रोतातली जुनी पुस्तकं सुंदर आहेत आणि तीही तुमच्याच वाचनासाठी.

आता आवाज. मला विचाराल तर अमराठी मुलांच्या वर्गात सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यावेत. आपली लिपी एक 'च' दाखवते आणि आपण दोन बोलतो. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च वेगळा. 'जग फार मोठं आहे' आणि 'तू सुखाने जग' यांतला ज वेगळा. 'माझा' म्हणताना एक झ, 'माझी' म्हणताना दुसरा. हिंदी घरातलं मूल हा फरक ऐकतच नाही, कारण त्याला तो कधी लागलेलाच नाही. पुस्तकात तो लिहिलेला नाही, म्हणजे तुमच्या आवाजाशिवाय दुसरा मार्ग नाही.

त्यासाठी ऑडॅसिटी घ्या. २००० सालापासून चालत आलेलं ध्वनिमुद्रणाचं मोफत सॉफ्टवेअर. स्टुडिओ लागत नाही. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बसा, घुमणं कमी होतं. मुद्रणाच्या सुरुवातीला पाच सेकंद गप्प राहा. नंतर तेवढाच भाग निवडून 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून द्या, पंख्याचा आवाज निघून जातो. फाइल मोनो ठेवून ६४ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये काढा. एका मिनिटाला अर्धा एमबीसुद्धा होत नाही, व्हॉट्सॲपवर पालकांना सहज जाते. मी शब्दांच्या जोड्या बोलते, प्रत्येक जोडीनंतर तीन सेकंद मोकळे सोडते, त्यात मुलाने म्हणायचं. घरी आजी-आजोबा असतील तर त्यांचाही आवाज घ्या. कोल्हापूरची आजी, नागपूरचे आजोबा. एकाच शिक्षकाचा आवाज ऐकून शिकलेलं मूल बाहेर पडल्यावर बावचळतं. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठीची वाक्यं निरनिराळ्या लोकांनी वाचून दान केलेली आहेत, ती कुणालाही कशीही वापरता येतात. त्यातली स्वच्छ निवडून ऐकवा.

आठवीच्या मुलांना आवाज डोळ्यांनी दाखवायचा असेल तर ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या दोघा ध्वनिशास्त्रज्ञांनी केलेलं प्रात हे मोफत सॉफ्टवेअर आहे. 'चारा' आणि 'चार' बोलून त्यात उघडा: 'चारा'तला सीत्कार चित्रात वरच्या पट्टीत काळा दिसतो, 'चार'मधला खाली पसरतो. 'ब' आणि 'भ' म्हणून बघा, 'भ'मागचा श्वास स्पष्ट उमटतो. तमिळ घरातल्या एका मुलीला महिनाभर जमत नव्हता तो 'भ' तिने स्वतःचं चित्र माझ्या चित्राशी जुळवत अर्ध्या तासात काढला. रोज वापरायची गोष्ट नाही ही. वर्षातून दोन तास पुरे.

सराव-प्रश्नांसाठी मी सगळीकडून फिरून एचफाइव्हपीवर स्थिरावले आहे. हे मुक्त आहे, आणि लुमी नावाचा त्याचा मोफत संपादक तुमच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालतो. तयार झालेला सराव एकाच एचटीएमएल फाइलीत बाहेर काढता येतो. ती पेन ड्राइव्हवर घ्या, शाळेच्या संगणकात लावा, ब्राउझरमध्ये उघडते. तुमच्या बेभरवशाच्या नेटवर हाच उतारा. त्यातला 'डिक्टेशन' हा प्रकार शुद्धलेखनासाठी मुद्दाम केल्यासारखा आहे: वाक्य नेहमीच्या वेगात आणि हळू असं दोन्ही ऐकवता येतं आणि मूल टाइप करतं.

रिकाम्या जागा भरायच्या प्रकारात मात्र सावध राहा. तिथे किरकोळ स्पेलिंगच्या चुका चालवून घ्यायची एक सोय असते. तीन ते नऊ अक्षरचिन्हांच्या उत्तरात एक चूक माफ. इंग्रजीत ती दयाळूपणाची गोष्ट असेल, मराठीत ती घात करते. कारण संगणक मात्रा वेगळी मोजतो. 'पाणी'च्या जागी 'पाणि' लिहिलं तर त्याच्या लेखी एकच चिन्ह चुकलं, म्हणून पूर्ण गुण. 'विहिरीत'च्या जागी 'विहीरीत' लिहिलं तरी पूर्ण गुण. आपण शिकवतोय तीच गोष्ट यंत्र माफ करून टाकतं. ती सोय बंद ठेवा, आणि त्याऐवजी चालतील अशी सगळी उत्तरं तिरप्या रेघेने वेगळी करून स्वतः लिहा. 'ॲ' आणि चंद्रकोरी र यांची दोन्ही रूपंही तिथेच टाका.

शब्द लक्षात राहण्यासाठी अँकी, म्हणजे प्रश्न-उत्तरांच्या कार्डांचं सॉफ्टवेअर. कार्ड विसरायच्या बेतात आलं की ते पुन्हा समोर येतं, हे त्याचं तत्त्व. संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत. आयफोनवरचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं, पण तुमच्या अमेरिकेतल्या मुलांना ब्राउझरमधून अँकीवेब फुकट चालेल. साधन चांगलं आहे, पण शिक्षक त्यात 'विहीर = कुवाँ' अशी कार्डं भरतात, तिथे फसतात. मराठीत शब्द एकटा कधी राहतच नाही. 'विहीर' शिकलेल्या मुलाला 'विहिरीत' ओळखता येत नाही. म्हणून माझ्या कार्डावर पुढच्या बाजूला 'चेंडू ____ पडला' आणि शेजारी विहिरीचं चित्र, मागच्या बाजूला 'विहिरीत'. असंच 'मासा'चं 'माशाला', 'भाऊ'चं 'भावाने', 'रस्ता'चं 'रस्त्यावर'. सामान्यरूप हा मराठी शिकणाऱ्याचा खरा उंबरठा आहे, आणि नियम पाठ करून तो ओलांडता येत नाही; शंभर-दीडशे शब्दांची रूपं तोंडात बसावी लागतात. नामाबरोबर 'तो, ती, ते' नेहमी लिहा. कार्डं एकेक करून भरत बसू नका. लिबरऑफिस कॅल्कमध्ये दोन रकाने करा, सीएसव्ही म्हणून जतन करताना यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) निवडा, आणि एकदम आत घ्या. यूटीएफ-८ विसरलात तर सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

आणखी एक साधन सांगते, जे मराठीचे शिक्षक वापरत नाहीत आणि ज्याच्यामुळे माझं स्वतःचं शिकवणं बदललं. जपानमधल्या वासेदा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी केलेलं अँटकॉन्क. त्यात मजकुराच्या साध्या फाइली टाकायच्या आणि एखादा शब्द शोधायचा. तो जिथे जिथे आलाय त्या सगळ्या ओळी तो शब्द मधोमध ठेवून एकाखाली एक दिसतात. पहिल्यांदा मी 'लाग' शोधलं. भूक लागली, थंडी वाजायला लागली, नोकरी लागली, मला जावं लागलं, बस लागते, घर लागलं नाही, दिवा लागला, ठेच लागली. आपण आयुष्यभर हे बोलतो आणि मुलांना सांगतो 'लागणे म्हणजे टू फील'. त्या ओळी छापून मी मुलांना कात्रीने कापायला दिल्या आणि सारख्या वाटतील त्यांचे गट करायला सांगितले. गट त्यांनी केले, अर्थ त्यांनी काढले. एक सूचना: या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शब्द कशाला म्हणायचं हे ठरवायची जागा आहे, तिथे 'मार्क' या प्रकाराला खूण करा. नाही केलीत तर ते मात्रेपाशी शब्द तोडतं आणि 'लागली'चे तुकडे होतात.

मजकूर कुठून आणायचा? तुमच्याच नोट्स, आता युनिकोडमध्ये आलेल्या. आणि मुलांचे निबंध. नावं काढून टाकून वर्षभराचे निबंध एका ठिकाणी ठेवा. मी एकदा 'साठी' शोधलं, तर 'मी आईसाठी वाट पाहिली' या घडणीची वाक्यं ओळीने आली. मराठीत आपण आईची वाट पाहतो. ही एकाची चूक नव्हती, निम्म्या वर्गाच्या डोक्यात इंग्रजीचा तो साचा बसला होता. वह्या एकेक तपासताना ते मला कधी दिसलं नव्हतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादी साधनांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण वापरत असाल. पाच मिनिटांत वीस वाक्यं मिळतात हे खरं. मीही कच्चा खर्डा काढते. मात्र नेमके हेच साचे तिथे शिरलेले असतात, आणि नामाचं लिंगही मधूनच चुकतं. न वाचता मुलांपुढे ठेवू नका. ऑनलाइन वर्गासाठी तुम्ही आता जे वापरता ते ठीक आहे, बदलायची गरज नाही. मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं मुक्त सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण शाळेचे वर्ग आणि ऑनलाइनची सात मुलं यांच्यासाठी ते उभारणं म्हणजे चहासाठी भटारखाना लावणं.

राहिला अमेरिकेतल्या मुलांच्या रोमन लिपीचा प्रश्न. ती मुलं मराठी ऐकत वाढलीत. त्यांना भाषा येते, लिपी येत नाही. तुमच्या पिंपरीच्या मुलांचं उलट आहे, हिंदीमुळे लिपी येते आणि भाषा येत नाही. म्हणून दोन्ही वर्गांना एकच धडा देऊ नका. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात, त्यांचा ठरलेला अभ्यासक्रम आहे. जवळपास असेल तर पालकांना तो जरूर सांगा. तुमच्या वर्गात लिपीसाठी बोलणं थांबवू नका. पहिले काही आठवडे रोमन चालू द्या, पण मोकाट नको. कुणी 'ट' आणि 'त' दोन्हींसाठी एकच अक्षर लिहितं, 'ळ' तर हरवूनच जातो. अक्षरमुख हे मोफत लिप्यंतर-साधन आहे, देवनागरी मजकूर दिला की ठरलेल्या नियमांनी रोमन करून देतं. त्याने धड्याचं रोमन करून घ्या आणि लिबरऑफिसमध्ये दोन रकाने करा: डावीकडे देवनागरी, मोठ्या अक्षरात, उजवीकडे रोमन, बारीक. मुलांची स्वतःची आणि घरातल्यांची नावं पहिल्या दिवसापासून देवनागरीतच लिहून घ्या, तेवढ्यानेच बारा-पंधरा अक्षरं ओळखीची होतात. दर आठवड्याला उजव्या रकान्याची शाई एक छटा फिकी करा आणि जी अक्षरं ओळखीची झाली ते शब्द तिथून काढून टाका. माझ्या मागच्या तुकडीत आठव्या आठवड्यात उजवीकडे फक्त 'क्ष', 'ज्ञ' आणि जोडाक्षरांचे शब्द उरले होते. तेव्हा एका मुलाने विचारलं, हा रकाना आता कशाला ठेवलाय, आणि आम्ही तो काढून तिथे चित्रं काढायला जागा केली.